विद्यापीठाच्या प्रेसिडेंटची दप्तरं चाळताय? या चुका टाळा

बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या दिवसांवर काम करायला निघालेले बरेच जण न्यूयॉर्कला पहिला ईमेल असा धाडतात : ‘प्रेसिडेंटच्या ऑफिसात आंबेडकरांची फाइल असेलच, ती स्कॅन करून पाठवा.’ घोटाळा त्या ‘असेलच’मध्ये आहे. प्रेसिडेंटचं दप्तर आपल्या प्रश्नांप्रमाणे लावलेलं नसतं, त्या ऑफिसच्या रोजच्या टपालाप्रमाणे लावलेलं असतं.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. अमेरिकी विद्यापीठाचा प्रेसिडेंट म्हणजे साधारण आपले कुलगुरू. कोलंबियात मात्र गंमत अशी, की १९४८ ते १९५३ या काळात हे पद ड्वाइट आयझेनहॉवर यांच्याकडे होतं आणि तिथून ते थेट देशाचे प्रेसिडेंट झाले. म्हणून त्या वर्षांतला त्यांचा पत्रव्यवहार शोधताना कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनचं त्यांच्या नावाचं ग्रंथालयही पाहावं लागतं. निकोलस मरे बटलर तर १९०२ पासून १९४५ पर्यंत, तब्बल ४३ वर्षं, प्रेसिडेंट होते. त्यांचे स्वतःचे कागद एका संग्रहात आणि ऑफिसचे कागद दुसऱ्यात. एकात काही सापडलं नाही म्हणून ‘पुरावा नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका.

पत्त्यातही फसगत होते. ‘लो लायब्ररी’ हे नाव वाचून माणूस तिकडे वळतो, पण ती आता लायब्ररी नाही. तिथे प्रशासनाची ऑफिसं आहेत. दप्तरं पाहायची तर समोरच्या बटलर लायब्ररीत सहाव्या मजल्यावर जायचं.

आता मुख्य चूक. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आलेला बावीस वर्षांचा विद्यार्थी प्रेसिडेंटला पत्र कशाला लिहील? त्याचे विषय, गुण, प्रवेश हे सगळं रजिस्ट्रारकडचं काम. कोलंबियात प्रेसिडेंटच्या ऑफिसची मुख्य दप्तरं ‘सेंट्रल फाइल्स’ म्हणून जपली आहेत आणि ती १८९० पासूनची आहेत. त्यांत शिरताना ‘माझा माणूस कुठे आहे’ हे विचारू नका, ‘या विषयावर या ऑफिसला कोण लिहिणार’ हे विचारा. त्या काळासाठी बाबासाहेबांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे नाव पाहा. सेलिग्मन यांचे कागद वेगळे जपलेले आहेत, तेही मागवा. बडोद्याचा धागा धरायचा असेल तर ध्यानात ठेवा, की इंग्रजीत त्या काळी ‘गायकवाड’चं सर्रास ‘गायकवार’ होई, शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’. नव्या स्पेलिंगनं शोधलंत तर यादी कोरीच दिसायची.

१९५२ची गोष्ट निराळी. ५ जून १९५२ला कोलंबियानं बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. अशी पदवी प्रेसिडेंटच्या ऑफिसला टाळून देता येत नाही, त्यामुळे इथे दप्तराकडून खरी अपेक्षा ठेवावी. फक्त आयझेनहॉवर यांच्या सहीची वाट पाहू नका. ते १९५१च्या सुरुवातीपासून नाटोच्या कामासाठी युरोपात होते आणि पदवीच्या आदल्याच दिवशी अ‍ॅबिलीनमध्ये प्रचाराचं भाषण करत होते. विद्यापीठाचा कारभार ग्रेसन कर्क पाहत होते. सह्या शोधायच्या त्या कर्क यांच्या.

याच पदवीची तारीख कुणी आकड्यांत टिपली असेल तर ती ‘६/५/५२’ अशी दिसेल. आपण सवयीनं ६ मे वाचतो. अमेरिकेत महिना आधी, म्हणून ती ५ जून. या एका तिरप्या रेघेपायी पत्रांचा क्रम उलटापालटा होतो, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा. मी हे केलंय, आणि वर त्यावर दोन पानांचा तर्कही लढवलाय.

कार्बन कॉपीकडे दुर्लक्ष करू नका. आलेलं पत्र मूळ असतं, गेलेल्याची पातळ कागदावरची प्रत मागे राहते. तिच्यावर लेटरहेड नसतं, पुष्कळदा सहीही नसते. तळाशी कोपऱ्यात लेखकाची आणि टायपिस्टची आद्याक्षरं मात्र असतात. ‘निनावी टिपण’ म्हणून ती बाजूला टाकलीत तर निम्मा संवाद गेला. आणि फायलीतला क्रम चुकलेला वाटला तरी आपल्या हातानं ‘नीट’ लावू नका. १९६८च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी तोवर प्रेसिडेंट झालेल्या कर्क यांच्या ऑफिसात ठाण मांडलं, तेव्हा तिथले कागद उचकून त्यांच्या प्रतीही काढल्या होत्या. कुठल्या विस्कटण्यामागे काय कारण असेल, ते आपण ठरवू नये.

अलीकडची दप्तरं काही दशकं बंद असतात, विद्यार्थ्यांची नोंद त्याहून जास्त. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे विचारून घ्या.

दप्तरं पाहायच्या खोलीत पेन चालत नाही, शिसपेन न्या. आणि फोटो काढताना प्रत्येक फायलीचा पहिला फोटो तिच्या लेबलचा घ्या, पेटीच्या नंबरासकट. माझ्या फोनमध्ये छान स्पष्ट आलेली कितीतरी पत्रं आहेत. कोणत्या पेटीतली, ते मलाही सांगता येत नाही.