एकच चित्र, पूर्ण तास

शिवकाल शिकवताना पुस्तकातल्या छोट्या चित्रावर थांबू नका. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या वेबसाइटवर विट्सेन अल्बम शोधा (नाव रोमन लिपीत टाइप करा). १७व्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्यात तयार झालेल्या या संग्रहात शिवाजी महाराजांचं चित्र आहे. ते मोठ्या आकारात मोफत डाउनलोड करता येतं. आदल्या रात्रीच फोनवर उतरवून ठेवा, शाळेतल्या नेटच्या भरवशावर राहू नका.

वर्गात नाव न सांगता दाखवा. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त पाहायचं. मग विचारा, काय दिसलं? पगडी, शस्त्र, कापडावरची नक्षी असं काहीही चालेल. प्रत्येक उत्तरावर एकच प्रतिप्रश्न: ‘कशावरून?’ माझ्या मते खरा इतिहास इथेच सुरू होतो.

नाव मग सांगा आणि दोन सनावळ्या फळ्यावर लिहा: महाराज गोवळकोंड्याला गेले १६७७ मध्ये, निधन १६८० मध्ये. चित्रकाराने त्यांना प्रत्यक्ष पाहिलं असेल का? याचं ठाम उत्तर देऊ नका, मुलांना वाद घालू द्या. आणि हे चित्र हॉलंडला कसं पोहोचलं, हे घरून शोधून आणायला सांगा.