‘आंबा डागी आहे’ म्हणण्याआधी काय घडतं, ते कसं पाहावं

तर्कशास्त्राच्या पुस्तकात विधान तयारच मिळतं: उद्देश्य, विधेय आणि शेवटी ‘आहे’. ते आलं कुठून, हा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसेर्लने धसाला लावला. त्याचं ‘अनुभव आणि निर्णय’ १९३९ साली प्रागमध्ये छापलं गेलं. तो आदल्याच वर्षी वारला होता, त्यामुळे हस्तलिखितांवरून पुस्तक सिद्ध केलं ते त्याचा सहायक लुडविग लांडग्रेबे याने. नाझींनी चेकोस्लोव्हाकिया गिळला, प्रकाशनसंस्था बंद पडली आणि लंडनला रवाना झालेल्या २०० प्रती तेवढ्या वाचल्या. पुस्तक जड आहे, पण त्याचा गाभा घरी करून पाहता येतो. एक आंबा पुरे. निवडून घेऊ नका, पेटीतून हाताला येईल तो काढा आणि खालची बाजू न बघता समोर कागदावर ठेवा.

१. माहिती बाजूला ठेवा. जात कोणती, डझनाचा भाव काय, साखर कशी तयार होते, हे सगळं खरंच आहे. फक्त आत्ता वापरायचं नाही. हुसेर्ल याला कंसात ठेवणं म्हणतो. गडी मुळात गणितातला, डॉक्टरेटही गणितातलीच, तेव्हा कंस सुचणं साहजिकच.

२. कशाने लक्ष ओढलं ते टिपा. तुम्ही बघायचं ठरवलंत, त्याआधीच तो पिवळा रंग कागदावरून उठून दिसत होता. एवढंच टिपा आणि पुढे चला.

३. नजर सावकाश फिरवा. आधी अख्खा आंबा. मग देठ, देठाजवळची लाली, खाली सालीवरचे बारीक ठिपके. इथे घाई करू नका, कारण खरी गंमत इथेच आहे. नजर देठावर असते तेव्हा आंबा नाहीसा होत नाही. तो धरलेलाच राहतो आणि देठ ‘त्याचा’ म्हणून दिसतो. लालीवरून परत अख्ख्या आंब्याकडे आलात की तो मघाचा उरलेला नसतो, लाली घेऊन आलेला असतो. उद्देश्य आणि विधेय यांची बीजं ही अशी. अजून एक शब्दही उच्चारलेला नाही.

शब्द मध्ये घुसत असतील तर डोळे मिटून बोटांनी तेच करा. आजोळची आमराई आठवू लागली तर ती छान आठवण आहे, पण हा प्रयोग नव्हे.

४. आता आंबा उलटा. त्याआधी क्षणभर थांबा. न दिसणारी बाजू तुमच्यासाठी कोरी नाही. तीही पिवळी, गोल, घट्ट असणार हे तुम्ही धरूनच चालला आहात. उलटल्यावर काळा, दबलेला डाग निघाला तर तो क्षण पकडा. हुसेर्लचं उदाहरण चेंडूचं आहे: पुढून एकसारखा लाल आणि गोल, मागून हिरवा आणि चेपलेला. अपेक्षेवर काट बसते आणि ती मागेही पोचते. मघाशी जे ‘चांगलं’ म्हणून पाहिलं तेही आता वेगळं दिसतं. ‘नाही’ हा शब्द त्यानंतर येतो. अख्खा आंबा मात्र रद्द होत नाही, तेवढा भाग रद्द होतो. नकाराला उभं राहायला असा होकार लागतोच.

डाग निघालाच नाही, तर दुसरा आंबा घ्या. (पेटी चांगली लागली म्हणायची.)

‘कदाचित’चं मूळही असंच. मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात एक बाई खुणावते. ही खरी की पुतळा? दिसतं तेच, पण दोन समजुती त्यावर भांडत राहतात.

५. आता वाक्य करा. ‘हा आंबा डागी आहे.’ यात नवं काय? मघाशी नजर आंब्यावरून डागाकडे आपसूक घसरली होती; आता तुम्ही मुद्दाम आंब्याकडे परत जाता आणि तोच प्रवास ठरवून करता. त्याचं फळ हाती राहतं: फळवाल्याला फोनवर सांगता येतं, आंबा टाकून दिल्यावरही खरं ठरतं. नुसत्या बघण्याला हे जमत नाही.

‘तर्कसंग्रह’ हे न्यायशास्त्राचं संस्कृत पाठ्यपुस्तक शिकलेल्यांना इथे निर्विकल्पक (नुसतं भान) आणि सविकल्पक (‘हे असं आहे’ अशी जाण) ज्ञान आठवेल. शेजार आहे, पण दोन्ही एक मानू नका. निर्विकल्पकात विशेषण-विशेष्य असा संबंधच भासत नाही. हुसेर्लच्या शब्दपूर्व अनुभवात मात्र आंबा आणि त्याची लाली यांची जोडणी आधीच सुरू झालेली असते.

६. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, पण आंब्यावर नको. कालचं विधान आता मुरलेलं असतं. पेटीतला पुढचा आंबा तुम्ही संशयानेच उलटाल, आणि ‘मागची बाजू चांगलीच असणार’ ही अपेक्षा पकडायला उरणार नाही. वांगं घ्या.