उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत बापूकुटी पाहायची असेल तर

पोट्ट्यांना सुट्ट्या लागल्या की एकदा सेवाग्रामला नेऊनच आणा, पण वर्ध्याचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या आसपास, म्हणून सकाळी आठ-साडेआठला आश्रमात पोचाल असं घरून निघा. नागपूरहून ट्रेननं आलात तर वर्धा किंवा सेवाग्राम, कोणत्याही स्टेशनवर उतरा, फक्त सेवाग्राम स्टेशन आश्रमाजवळ नाही बरं का, ऑटो करावाच लागतो. डोक्याला दुपट्टा, पाण्याची मोठी बॉटल, आणि खिशात कांदा ठेवायला लाजू नका.

आत गेल्यावर आधी आदी निवास पाहा. १९३६ मध्ये गांधीजी इथं राहायला आले तेव्हाची ही पहिली कुटी, आणि त्यांची अट अशी की खर्च १०० रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही, सामान इथलंच वापरायचं. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, टपाल सारखं बुलडाण्याच्या शेगावला जायचं म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं, हे पोरांना सांगाच, त्यांना आवडतं.

मग बापूकुटी. ही मूळची गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेनची, नंतर गांधीजी तिथं राहायला गेले. लोक दारातून डोकावतात, दोन मिनिटांत पुढे सरकतात, तसं अजिबात करू नका. चप्पल बाहेर काढा, मोबाइल बॅगेत टाका आणि सारवलेल्या जमिनीवर चांगलं बसा. बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत पंखा नसतानाही बसवतं, हे पोरांना स्वतः कळू द्या, मग कारण दाखवा: मातीच्या भिंती लवकर तापत नाहीत, वरच्या कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते, आणि ओसरीचं छप्पर पुढं आलेलं असल्यानं भिंतीवर सरळ ऊन पडत नाही. भिंतीवर मीराबेननं मातीतच ताडाची झाडं उठवलीत, ती जवळ जाऊन बघा पण हात लावू नका, माती आहे ती, झिजते.

साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरापण शोधा. इथं साप मारत नसत, धरून लांब सोडत. पोट्टे तिथून हलतच नाहीत!

पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर नशीब, कारण तेव्हा भिंतींना पाऊस लागू नये म्हणून शिंदीच्या पानांच्या झांज्या, म्हणजे आडोशाच्या ताट्या, बांधतात. कोणी काम करताना दिसलं तर थांबून विचारा, आमच्या खेड्यांत आता सगळीकडे टिनं आली, हे हात कमी होत चाललेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

परचुरे कुटी चुकवू नका, कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची सेवा गांधीजी स्वतः करायचे. बा कुटी, आखरी निवास जवळजवळच आहेत, ऑगस्ट १९४६ मध्ये इथून गेलेले बापू पुन्हा परतले नाहीत.

अकरानंतर ऊन सोसत नाही, सावलीत जेवून घ्या, दुपारी वर्ध्यात खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय बघा, आणि जमत असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला परत या, सगळ्या धर्मांची प्रार्थना असते, उघड्यावर, अंगणात. परतीच्या गाडीआधी वर्ध्यातून गोरसपाक, म्हणजे गाईच्या तुपातली बिस्किटं, घ्या, दोन पाकिटं तरी, एक रस्त्यातच संपतं.