दीड हजार ठिबक नियंत्रक, एकच थ्रेड: ईपोलने वाट कशी पाहावी

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांमधले दीड हजार ठिबक नियंत्रक मोबाइल सिमवरून जळगावातल्या एका लिनक्स सर्व्हरला जोडायचे आहेत असं धरू. प्रत्येक नियंत्रक दर मिनिटाला ओलावा आणि दाब यांचा ४८ बाइटचा निरोप पाठवतो. जोडणीमागे एक थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्र चालणारा धागा) ठेवला, तर दीड हजार थ्रेड जवळजवळ सगळा वेळ रीडवर, म्हणजे वाचण्याच्या कॉलवर, अडकून पडतील. त्यापेक्षा एकाच थ्रेडने कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगावं, ‘यांतल्या कुणाकडून काही आलं की उठव’, आणि निवांत झोपावं. ईपोल ही लिनक्सची सोय नेमकं हेच करते.

या कामाला सिलेक्ट हा जुना कॉल घेऊ नका. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासूनचा हा कॉल. ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीत त्याचा संच १०२४ डिस्क्रिप्टरांपुरताच (उघड्या फाइली-जोडण्यांचे क्रमांक) आहे. १०२३च्या पुढचा क्रमांक त्यात टाकला तर संचाबाहेरच्या मेमरीत लिहिलं जातं आणि प्रोग्राम भलत्याच ओळीवर कोसळतो. यूलिमिट, म्हणजे उघड्या डिस्क्रिप्टरांची मर्यादा, वाढवूनही हे सुटत नाही. पोल या दुसऱ्या कॉलला ही मर्यादा नाही, पण दर वेळी सगळी यादी कर्नलला नव्याने द्यावी लागते आणि परत आल्यावर ती चाळावी लागते. शंभर-दीडशे जोडण्यांना पोल पुरेसा आणि सोपा आहे. दीड हजारांना ईपोल.

आधी उघड्या डिस्क्रिप्टरांची मर्यादा पाहा. ती बहुधा १०२४ असते, ४०९६ करा. ऐकणारा सॉकेट (नव्या जोडण्या घेणारा) नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे न अडणारा, करा, ईपोल_क्रिएट१ने ईपोल तयार करा आणि ईपोल_सीटीएलने तो सॉकेट ईपोलइन, म्हणजे ‘वाचायला काही आलं’ या घटनेसाठी नोंदवा. ॲक्सेप्ट४ने येणारी प्रत्येक जोडणीही नॉन-ब्लॉकिंगच घ्या आणि नोंदवताना डेटाच्या खान्यात त्या नियंत्रकाच्या नोंदीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवा. मग लूपमध्ये ईपोल_वेट. एका वेळी ६४ घटनांची जागा भरपूर होते. उणे एक परत आलं आणि एररनो (त्रुटीचा क्रमांक) ईइंटर असेल, तर मध्येच सिग्नल आला एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा वाट पाहा.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: ‘तयार’ म्हणजे पुढचा रीड अडणार नाही, इतकंच. निरोप पूर्ण आला असं नव्हे. ४८ बाइट कधी ३० आणि १८ असे तुकड्यांत येतात, कधी दोन निरोप मिळून ९६ येतात. म्हणून प्रत्येक जोडणीला स्वतःचा बफर (बाइट साठवायची जागा) द्या आणि ४८ पुरे झाले की तेवढेच उचला. रीडने शून्य दिलं तर समोरच्याने पाठवणं संपवलं आहे. जोडणी बंद करा. तसं केलं नाही, तर ईपोल तोच सॉकेट पुन्हापुन्हा तयार म्हणून दाखवत राहतो आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो.

ईपोलईटी, म्हणजे फक्त बदल झाला तेव्हाच कळवणं, गरज नसेल तर वापरू नका. त्यात ईअगेन, म्हणजे ‘आत्ता जमत नाही’ ही त्रुटी, येईपर्यंत वाचावंच लागतं. चार बाइट मागे राहिले तर नवं काही येईपर्यंत कुणी उठवत नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचा हुकूम पाठवताना आधी सरळ लिहा. ईअगेन आला तरच ईपोलआउट, म्हणजे ‘लिहायला जागा झाली’ ही घटना, नोंदवा आणि उरलेलं गेलं की काढून टाका. कायम ठेवलात तर रिकामा पाठवण-बफर सतत ‘तयार’ म्हणत राहील.

आता विजेचं. फीडर बंद पडला की बॅटरी नसलेला नियंत्रक निरोप न घेताच जातो. सर्व्हरकडे काहीच येत नाही आणि ईपोलच्या लेखी शांतता ही घटना नाही. टीसीपी किपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का हे तपासणं) चालू केलं तरी त्याची मूळ मूल्यं ७२०० सेकंद थांबा, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ प्रयत्न, अशी आहेत. म्हणजे मेलेली जोडणी कळायला दोन तास अकरा मिनिटं. तोवर बागेत पाणी सुरू आहे की बंद, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक नोंदीत शेवटचा निरोप कधी आला ते मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणाऱ्या, घड्याळाने लिहा, ईपोल_वेटला १०,००० मिलिसेकंदांची मुदत द्या, आणि दहा सेकंद उलटले की, मध्ये घटना आल्या असोत वा नसोत, यादी तपासा. तीन मिनिटं गप्प असलेली जोडणी बंद करा. तिच्या नोंदीची मेमरी मात्र हाती आलेल्या सगळ्या घटना संपल्यावरच सोडा. त्याच घोळक्यात तिची आणखी घटना असू शकते.

वीज परत आली की शेकडो नियंत्रक एकदम धडकतात. लिसनची रांग मोठी ठेवा आणि सोमॅक्सकॉनही (त्या रांगेची कर्नलमधली कमाल मर्यादा) पाहा, लिनक्स ५.४च्या आधी ते १२८ होतं. डिस्क्रिप्टर संपले तर ॲक्सेप्ट ईएमफाइल देतो, पण ऐकणारा सॉकेट तयारच दिसत राहतो आणि लूप नुसता गरगरतो. अशा वेळी तो सॉकेट तात्पुरता ईपोलमधून काढा आणि काही जोडण्या बंद झाल्यावर परत घाला.

निरोप डिस्कवरच्या फाइलीत लिहायचे असतील तर ती फाइल ईपोलला देता येत नाही, ईपर्म ही त्रुटी मिळते. ते काम वेगळ्या थ्रेडकडे सोपवा.

बागेत बसवण्याआधी दोन चाचण्या कराच. टेबलावरच्या नियंत्रकाची वीज मधूनच तोडून तीन मिनिटांनी जोडणी बंद होते का पाहा. मग सगळं शांत असताना सर्व्हरवर एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावा: दहा सेकंदांना एकच ईपोल_वेट दिसायला हवा. सेकंदाला हजारो दिसले, तर कुठेतरी शून्य आलेला रीड किंवा काढायचा राहिलेला ईपोलआउट आहे.