पहिली सही, दुसरी सही आणि ब्रिटनचा व्हिसा

गोव्यात कायद्याची पदवी घेऊन इमिग्रेशनच्या कामात येऊ पाहणाऱ्यांनी सल्ला देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे सर्वांत आधी समजून घ्यावे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम अ‍ॅक्टनुसार हे काम वकिली परवानाधारकांनी किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागारांनीच करायचे असते. इतरांनी केल्यास तो गुन्हा ठरतो. गोव्यात बसलेल्या माणसाला हे बंधन लागू होत नाही, त्यामुळे येथे कोणालाही पाटी लावता येते. तरीही सुरुवातीची वर्षे तिकडच्या नोंदणीकृत सल्लागाराच्या हाताखालीच काढावीत, असे माझे ठाम मत आहे. मी मडगावात तसेच काम करते आणि फाइल तयार करण्याची शिस्त मला तेथेच लागली.

आमच्याकडे सर्वाधिक येतात ती जोडीदाराच्या व्हिसाची प्रकरणे, आणि त्यांत गोव्याचा विवाह कायदा ठाऊक नसेल तर ब्रिटनचे नियम पाठ असूनही उपयोग होत नाही. येथे नागरी नोंदणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या सहीने वधूवर विवाहाचा इरादा जाहीर करतात, हरकतींची मुदत संपल्यावर दुसरी सही होते आणि तेव्हाच विवाह कायद्याने पूर्ण होतो. चर्चमधील विवाहाची पद्धत थोडी वेगळी आहे. एका फाइलमध्ये लग्नपत्रिका होती, देवळातल्या मंगलाष्टकांचे फोटो होते, पहिल्या सहीची नोंदही होती. दुसरी सही मात्र २०२१ मध्ये झाली होती. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर, म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक म्हणून, ब्रिटनमधील स्विंडनला स्थायिक झालेला. नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असेल तर अशा जोडीदाराला ईयू सेटलमेंट स्कीमखालचा, म्हणजे ब्रेक्झिटपूर्वीच ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेतला, फॅमिली परमिट मागता येतो. त्याला शुल्क नाही आणि उत्पन्नाची अटही नाही. विवाह त्या तारखेनंतरचा असेल, तर त्याआधी दोघांचे टिकाऊ सहजीवन होते हे सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी साधारणपणे दोन वर्षे एकत्र राहिल्याचा पुरावा पाहिला जातो. त्या फाइलमध्ये म्हणूनच फोटो बाजूला ठेवून आम्ही वास्कोच्या फ्लॅटचा भाडेकरार, वीजबिले आणि बँकेची पत्रे तारखेनुसार लावली.

ही वाट बंद असेल तर उरतो नेहमीचा जोडीदार व्हिसा. त्यासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. ब्रिटनमधला जोडीदार एकाच मालकाकडे किमान सहा महिने नोकरीत असेल, तर सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि तोच पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट, दोन्ही लागतात. प्रत्येक पावतीतील निव्वळ रक्कम स्टेटमेंटमधील नोंदीशी जुळते का, हे हाताने तपासण्याचे कंटाळवाणे काम नवख्याने आनंदाने अंगावर घ्यावे.

नोकरीच्या व्हिसाबाबत लोकांची समजूत अजून जुनीच आहे. युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय राहण्याची आणि काम करण्याची मुभा, म्हणजे मुक्त संचार, २०२० च्या अखेरीस संपला. त्यामुळे आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला तरी त्यावर ब्रिटनमध्ये नोकरी करता येत नाही, तर परवानाधारक मालकाचे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे त्या नोकरीसाठी मालकाने दिलेले प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र, लागते. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण वेतनमर्यादा ४१,७०० पौंड झाली आणि नव्या अर्जदारांसाठी कामाची पातळी बहुतांशी पदवीइतकी ठरली. कळंगुटच्या हॉटेलांत वर्षानुवर्षे घडलेल्या शेफला ‘हा मार्ग तुमच्यासाठी आता बंद आहे’ असे सांगणे जड जाते, पण ते पहिल्याच भेटीत सांगायला हवे. कारण बाहेर कोणीतरी त्याच सर्टिफिकेटसाठी त्याच्याकडे लाखो रुपये मागत असतो. अशा परवानाधारक मालकांची अधिकृत यादी ब्रिटिश सरकार सर्वांसाठी खुली ठेवते. ऑफर लेटरवरील नाव त्या यादीत अक्षरशः जुळवून पाहा. स्पॉन्सरने, म्हणजे मालकाने, सरकारला भरायचे इमिग्रेशन स्किल्स चार्जचे पैसे कामगाराकडून वसूल करता येत नाहीत, हेही त्याला समजावून सांगा. नोकरी सुटली तर व्हिसाची मुदत साधारणपणे ६० दिवसांवर आणली जाते, ही बाब निघण्यापूर्वी घरच्यांच्याही कानावर घालावी.

अभ्यासासाठी क्लासच्या नोट्सपेक्षा मूळ इमिग्रेशन रूल्स वाचावेत: कुटुंबासाठी अपेंडिक्स एफएम आणि पुराव्यांसाठी एफएम-एसई, युरोपीय नागरिकांच्या नातेवाइकांसाठी अपेंडिक्स ईयू, नोकरीसाठी अपेंडिक्स स्किल्ड वर्कर. नियम वर्षातून अनेकदा बदलतात आणि प्रत्येक बदलासोबत तो कोणत्या अर्जांना लागू होतो याचे कलम असते. माझ्या अनुभवात नवखे लोक नेमके तेच वगळतात. मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर अर्जाची तारीख आणि त्या दिवशी लागू असलेले कलम लिहून ठेवते.