कळसूबाईला घरच्यांना घेऊन जाताय? मग आधी हे वाचा

तयारी सुरू करायची ती पायाच्या नखांपासून. हसू नका. चढताना काही होत नाही हो, पण उतरताना तीन तास अंगठा बुटाच्या टोकावर आदळत राहतो आणि दुसऱ्या दिवशी नख काळंनिळं, त्यामुळे आदल्या रात्री सगळ्यांची नखं कापा, पोरांची तर स्वतः बसून कापा. मग बूट बघा. नवीन कोरे नकोत आणि माळ्यावरून चार वर्षांनी काढलेले तर अजिबातच नकोत. आमच्या ह्यांचे बूट दिसायला एकदम चकाचक, पहिल्या शिडीच्या आधीच डाव्या बुटाचा सोल तोंड वासून उघडला, शेवटी माझ्या ओढणीची पट्टी फाडून करकचून बांधला आणि तसाच माणूस वर जाऊन खाली आला. घरी बूट घालून सोल हाताने वाकवून, ओढून बघा, सुटायचा असेल तर तिथेच सुटू दे.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. पावसाळ्यात फोटो भारी येतात असं सगळे सांगतात पण वर ढगात उभं राहून हात लांब केला तर हात दिसत नाही, शिड्या निसरड्या आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी त्या शिड्यांना रांग. नवरात्रात वर देवीला जायला गर्दी असते, दर्शनच घ्यायचं असेल तर ठीक, लहान पोरं घेऊन ट्रेक करायचा असेल तर टाळा.

पायथ्याच्या बारी गावातून सकाळी साडेसहाला पाय उचलायचा, म्हणजे नाशिकहून साडेचारच्या आत गाडी सुटली पाहिजे, मुंबईवाल्यांनी आदल्या रात्रीच निघून गावात मुक्काम केलेला बरा. शिखर 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, आणि गावापासूनची चढाई बरीच खडी आहे. सवयीचे लोक तीन तासात जातात. तुम्ही त्यांचा वेळ धरू नका, घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण ते बघा आणि त्याच्या हिशोबाने पाच तास धरा. आमच्यात सासूबाई, वय 63, त्यांना सगळ्यात पुढे ठेवलं, सगळे त्यांच्या मागे, त्यामुळे त्यांना कुणाला गाठायचं टेन्शन नाही आणि पोरंही पळत नाहीत. आणि दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं हे घरातूनच ठरवून निघा, शेवटची शिडी समोर दिसत असताना ठरवायला गेलात तर कुणीही ऐकत नाही.

पाणी मोठ्यांना तीन-तीन लिटर, पोरांना दोन, त्यातली एक बाटली ओआरएसची. वाटेत सुट्टीच्या दिवशी लिंबू सरबत, ताक, काकडी मिळते, वर विहीर पण आहे, पण त्या भरवशावर निघायचं नाही. सुट्टे पैसे मात्र घ्याच, रेंज असेल तर ऑनलाइन, नाहीतर शंभराची नोट घेऊन सरबतवाल्या मावशींसमोर उभे राहाल. खायला धपाटे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. वेफर्सची पाकिटं हातात घेऊन फिरू नका, माकडं बरोब्बर हेरतात. कचऱ्याला एक रिकामी पिशवी, खाली आणायची.

शिड्यांचं वेगळं सांगते. लोखंडी आहेत, बऱ्यापैकी उभ्या, आणि दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणजे हातात बाटली नाही, मोबाइल नाही, खांद्यावर एका बाजूला लटकणारी पर्स तर नाहीच नाही, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. काठी घेताय तर घडीची घ्या, सासूबाईंची लांब काठी शिडीच्या दांड्यात अडकली आणि मागे पंधरा माणसं थांबली. पोरगं चढत असेल तर त्याच्या लगेच खाली एक मोठं माणूस, उतरताना पण तसंच, आणि तोंड शिडीकडे. उन्हाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर जुने हातमोजे टाका, दुपारी लोखंड चटके देतं.

सॅकमध्ये अजून काय तर प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट (घामाने भिजलेलं अंग आणि वरचा वारा, लगेच हुडहुडी), टोपी, क्रेप बँडेज, गुडघ्याची कॅप, पोरांच्या गळ्यात शिट्टी, एक टॉर्च. बाथरूमचं गावातच उरकून घ्या, वर सोय नाही, बायकांनी पॅड आणि एक जुना दुपट्टा आडोशाला ठेवा.

अर्ध्या वाटेवर पोरं बसतात, त्याचीही तयारी हवी. मी कळसूची गोष्ट राखून ठेवली होती, की ती पाटलाकडे कामाला राहिली ती केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर, आणि एक दिवस तेच करायला लावलं तर सरळ डोंगरावर निघून गेली ती गेलीच. पोरं उठली. सासूबाई म्हणाल्या, बरं केलं बाईने.

वर गेल्यावर मात्र अर्धा तास नुसते बसा, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले ओळीत दिसतात, भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, गुडघ्यांनाही ती विश्रांती लागते कारण खरी परीक्षा उतरताना आहे.

गाडीत चपला आणि कोरडे कपडे ठेवून जा. आणि सकाळी चढायच्या आधी गावात जेवणाचं सांगून जा, पिठलं-भाकरी, ठेचा, उतरल्यावर सांगितलं तर तासभर वाट बघावी लागते. आम्ही माणशी दोन भाकऱ्या सांगितल्या होत्या, पाच जणांत चौदा गेल्या.