दर्याचा रोजचा निरोप: वर्सोवा-जुहूच्या पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा

उजाडायच्या सुमारास मी वर्सोव्याच्या वाळूवर उतरते आणि आमच्या पोहणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर एक निरोप टाकते. चार ओळींचा असतो. भरती कधी, वारा कुठून, लाट कशी, आणि आज पाण्यात उतरायचं की नुसतं चालून घरी जायचं. आम्ही चौदा जणी आहोत, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. त्या निरोपाच्या भरवशावर त्या घरून निघतात, म्हणून तो मी नीट बघून लिहिते. कसा लिहिते ते इथे सांगते. तुमचा किनारा दादरचा असो की गोराईचा, पद्धत हीच लागू पडेल.

आधी भरती-ओहोटी. त्यासाठी मला मोबाईलआधी भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. बाबा डोलीवर जायचे. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं मोठ्या पिशवीसारखं जाळं. त्यात मासळी आणायचं काम पाण्याची ओढ करते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीला, ओढ जोराची, म्हणजे बोंबील आणि जवळा भरपूर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी मंद, जाळं सैल. त्यामुळे आज तिथी कुठली हे आमच्या घरात लहान पोरालाही तोंडपाठ असायचं.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. एक भरती झाली की साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि साडेबारा तासांनी पुन्हा भरती. रोज ही वेळ पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त पुढे सरकते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. मुंबईचा तक्ता अपोलो बंदरासाठी असतो. त्यात लिहिलेले ४.६ मीटर म्हणजे तुमच्या पायाखालच्या पाण्याची खोली नव्हे. ती उंची एका ठरलेल्या खालच्या पातळीपासून मोजलेली असते. हे न कळल्यामुळे माणसं उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात.

या हिशेबातून सकाळी पोहणाऱ्यांच्या कामाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत सकाळी सहाच्या सुमारास नेहमी ओहोटी असते. किनारा लांबवर उघडा पडतो आणि पाण्यापर्यंत चिखल तुडवत जावं लागतं. अष्टमीला नेमकं उलट. सकाळी सहाला पाणी भरलेलं, वर भांग असल्यामुळे ओढ कमी. माझ्या मते सप्तमी ते दशमी हे महिन्यातले दोन वेळा येणारे चार दिवस पोहायला सगळ्यात चांगले. अगदी मोठं उधाण पौर्णिमेलाच येतं असं नाही, एक-दोन दिवस मागून येतं. भांगाचंही तसंच.

पाणी ओसरतं ते एका चालीने नाही. सहा तासांचे सहा भाग करा. पहिल्या तासाला एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्याला प्रत्येकी तीन, मग दोन, मग एक. उधाणाला ४ मीटर पाणी उतरायचं असेल तर मधल्या दोन तासांत दर तासाला एकेक मीटर जातं. वर्सोवा आणि मढच्या मधल्या खाडीच्या तोंडाशी त्या वेळी उभं राहून बघा. नांगरलेल्या होड्यांचे दोर तटतटून ताणलेले दिसतात आणि पाण्यावरची थर्माकोलची पेटी माणूस झपाझप चालतो त्या वेगाने बाहेर जाते. खाडीच्या तोंडाशी पोहायचं नाही. भरती असो, ओहोटी असो, भांग असो, नाही म्हणजे नाही.

दुसरं म्हणजे वारा. दिशेचं नाव वारा जिकडून येतो तिकडचं असतं. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून आलेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारे येतात, तेव्हा पाणी गुळगुळीत असतं. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात आणि दुपारनंतर वायव्येकडून जोर धरतात. मार्चमध्ये हे खारे वारे उशिरा आले की मुंबई भाजून निघते, हे तुम्ही अनुभवलं असेलच. सकाळच्या बोटीने मढला गेलेली मंडळी दुपारी परतताना भिजून येतात त्याचं कारणही हेच. त्या वेळी ओहोटी असली की खाडीतून पाणी बाहेर येत असतं, वारा समोरून आत घुसत असतो, आणि दोघांच्या भांडणात लाटा उभ्या आणि तोकड्या होतात.

मोबाईलवर वारा नॉटमध्ये देतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. मी आकड्याआधी पाणी बघते. दूरवर एकही पांढरा ठिपका नसेल तर वारा हलका. तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले की दहा नॉटच्या आसपास पोचला. सगळीकडे पांढरं दिसलं की आमच्या वयाच्या बायकांनी त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. मच्छीमार सोसायटीच्या माणसांकडून किंवा बातम्यांतून बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागल्याचं कळलं, तर किनाऱ्यावर न येताच निरोप लिहिते: आज घरी.

आता लाट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथेच माझी चूक झाली होती. मे महिन्यातली गोष्ट. माझी बारा वर्षांची भाची सुट्टीला आली होती. वारा अजिबात नव्हता, समुद्र तेल ओतल्यासारखा. मी बेफिकीर होते. ती गुडघाभर पाण्यात शिंपले वेचत होती. बराच वेळ काही नाही, आणि मग एकामागोमाग चार लाटा आल्या. पहिलीने तिला बसवलं, दुसरीने परतताना खेचलं. मी तिचं मनगट धरलं तेव्हा माझ्याही टाचांखालची वाळू सरकत होती. दोन्ही गुडघे सोलून ती रडत बाहेर आली. तिला टॉवेलमध्ये गुंडाळून बसवल्यावर मी घड्याळ लावून लाटा मोजल्या. दहा लाटांना २ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे दोन लाटांमध्ये १६ सेकंद.

ती लाट आपल्या वाऱ्याची नव्हती. इथल्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सात सेकंदांनी येते, चिडचिडी असते पण तिच्यात दम नसतो. बारा सेकंदांच्या वरची लाट खूप लांबून, कधी कधी थेट दक्षिण महासागरातल्या वादळांकडून आलेली असते. तिचा जोर खोलवर असतो. उथळ पाण्यात आली की ती उंचावते आणि पाण्याचा मोठा लोंढा वर ढकलते. वारा पडलेला असूनही ती येते, म्हणून माणूस फसतो. एप्रिल-मे महिन्यांत याचं भान हवंच. हिवाळ्यातही कधीतरी आखाताकडच्या वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात.

तेव्हापासून रोज मोजते. नजरेसमोर एक खडक किंवा खुंट ठरवायचा, त्यावरून लाटेचा माथा गेला की घड्याळ सुरू, पुढचे दहा माथे गेले की बंद, दहाने भागायचं. एवढंच. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांची उंची, त्यांच्यातलं अंतर आणि वारा यांचा अंदाज रोज देते, उंच लाटांचा इशाराही देते. तो मी आदल्या रात्री बघते. त्यात लाटेची उंची १ मीटर लिहिली असेल तर ती सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते, हे धरूनच चालायचं.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मधेच एका पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी गडद किंवा गढूळ होऊन बाहेर सरकतंय, असं दिसलं तर तोच ओढीचा पट्टा. नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर बाहेरगावचे पोरगे नेमके तिथे उतरतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा. जीवरक्षक किती वाजल्यापासून असतात हे आधी विचारून ठेवा. लाल बावटा दिसला तर वाद घालू नका.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते: आम्ही उतरत नाही. १ जून ते ३१ जुलै आमच्या बोटीही नांगरलेल्या असतात. त्या महिन्यांत दिवसाची भरती रात्रीपेक्षा मोठी येते, म्हणून भर दुपारी साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस पडला तर शहरातलं पाणी बाहेर निघायला जागा नसते. २६ जुलै २००५ ला तेच झालं. ९४४ मिलिमीटर पाऊस आणि दुपारी ४.४८ मीटरची भरती. पश्चिमेचा वारा धरला की निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव किनाऱ्यावर येऊन पडतात. वाळूत मेलेले दिसले तरी त्यांना हात लावायचा नाही, दोरे चटका देतातच. मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवस नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत राहतं, तेव्हाही नको.

निरोप कसा दिसतो, तर डिसेंबरातला एक इथे देते:

"वद्य अष्टमी. भरती सहाच्या सुमारास, आता पाणी फिरायला लागेल. वारा मतलई, हलका, एकही पांढरा तुरा नाही. लाट गुडघ्याखाली, दहा लाटांना ६५ सेकंद. पाणी गार आहे, शाल आणा. खाडीकडे कुणी जायचं नाही. मी पिंपाजवळ उभी आहे, या."